संस्थेच्या मदतीचा कार्यक्रम : कलाकाराची नाईट (एका कार्यक्रमाचं मानधन) कोणी द्यायची?

सुरावट_मिरज

नमस्कार मंडळी. मिरजेत आमचा लहानसा ऑर्केस्ट्रा आहे. बारा माणसं, एक टेम्पो, साउंड स्वतःचा. गणपती, नवरात्र, हळदीचे कार्यक्रम आणि चैत्रातल्या जत्रा यांवर आमचं वर्ष निघतं. पहिल्यापासून आम्ही काही तारखा संस्थांसाठी राखून ठेवतो. विशेष मुलांची एक शाळा आहे, एक वृद्धाश्रम, एक जुनं ग्रंथालय. यंदा श्रावण लागायच्या आत अकरा पत्रं आलीत, सगळ्यांत एकच विनंती: 'सामाजिक कार्य आहे, विनामूल्य कार्यक्रम करावा.'

धागा काढायचं कारण मात्र ही पत्रं नाहीत. गेल्या वर्षी एका शाळेसाठी कार्यक्रम केला. मी आधीच सांगून टाकलं होतं की आमच्याकडून एक पैसा लागणार नाही. कार्यक्रम रंगला, शाल-श्रीफळ मला मिळालं, पेपरात फोटो आला. रात्री सामान टेम्पोत चढवताना आमचा ढोलकीवादक जवळ आला. चौदा वर्षं तो माझ्यासोबत आहे. म्हणाला, "मालक, मदत तुम्ही केलीत, पण आजची नाईट माझी गेली. मला आधी विचारलं असतंत तरी मी हो म्हणालो असतो."

त्या तारखेला त्याला दुसरीकडे भजनाची साथ होती, ती सोडून तो आला होता. हे मला दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडून कळलं. मी दान म्हणून जे दिलं त्यातलं जवळजवळ निम्मं माझं नव्हतंच. ते बारा घरांतलं होतं, आणि शाल माझ्या एकट्याच्या खांद्यावर पडली. पुढच्या आठवड्यात सगळ्यांची नाईट घरी नेऊन दिली, पण ते वाक्य मनातून जात नाही.

आता असं ठरवलंय. संस्थेचा कार्यक्रम असला तरी कलाकाराची नाईट पूर्ण आणि त्याच रात्री. सोडायचं ते मालकानं, स्वतःच्या वाट्यातलं. आमची नेहमीची सुपारी, म्हणजे पूर्ण कार्यक्रमाची ठरलेली रक्कम, साठ हजारांची. त्यात चार गायक प्रत्येकी तीन हजार, पाच वादक प्रत्येकी दोन हजार, निवेदक, साउंडवाला आणि मदतनीस प्रत्येकी दीड हजार, म्हणजे साडेसव्वीस हजार नाईटचे. डिझेल आणि हमाली साडेचार हजार. उरतात एकोणतीस हजार. त्यातच यंत्रांची झीज, टेम्पोचा हप्ता आणि माझा नफा. हे एकोणतीस हजार मी सोडतो आणि संस्थेकडून एकतीस हजार घेतो.

हे सांगितल्यावर दोन संस्था नाराज झाल्या. "तुम्ही पण पैसे घेता?" असं एका जुन्या परिचितांनी विचारलं. तुमच्यापैकी कुणी असा व्यवसाय करत असेल, किंवा संस्थेच्या बाजूनं असे कार्यक्रम घेत असेल, तर मोकळेपणानं लिहा. माझं चुकत असेल तर तेही सांगा.

---

रोखठोक_तासगाव

चुकतंय असं मला वाटतं. डॉक्टर शिबिरात फुकट तपासतात, मास्तर सुट्टीत फुकट शिकवतात. कलाकारानं वर्षातला एक दिवस समाजाला दिला तर बिघडलं कुठं? एकतीस हजार ही काही लहान संस्थेला लहान रक्कम नाही. मदत म्हणायची आणि बिलही लावायचं, हे मनाला पटत नाही.

---

पेटीमास्तर

रोखठोक, मी वादक आहे म्हणून उत्तर देतो. माझ्यासारख्याला हंगामात मोजून साठ-सत्तर नाइटी मिळतात, त्यावर बारा महिने काढायचे. डॉक्टरांचा दवाखाना शिबिराच्या दुसऱ्या दिवशी उघडा असतो. आमची गणपतीतली एक तारीख गेली की ती पुढच्या भाद्रपदातच येते. आणि एक दिवस म्हणता, पण प्रत्येक संस्था एकच दिवस मागते. ढोलकीची पुडी बदलायची, पेटीचे सूर जुळवून आणायचे, त्याला कुणी सामाजिक कार्य म्हणून सूट देत नाही.

आम्ही द्यायला नाही म्हणत नाही. माझ्या मुलीच्या शाळेत मी दरवर्षी स्नेहसंमेलनाला फुकट पेटी वाजवतो, आनंदानं. ते मी दिलेलं असतं. मालकानं परस्पर कबूल केलेलं दिलं जात नाही, कापलं जातं. सुरावट यांनी हे उघडपणे लिहिलं, फार बरं वाटलं. आमच्या धंद्यात हे बोलायची सोय नसते, कारण बोललं की पुढची तारीख दुसऱ्याला जाते.

---

आनंदी_आत्या

मी दुसऱ्या बाजूची. विशेष मुलांच्या शाळेत वीस वर्षं काम करते. (सुरावट यांची नव्हे, आमची शाळा कोल्हापूर जिल्ह्यात आहे.) दर दोन वर्षांनी आम्ही मदतीचा कार्यक्रम घेतो.

आधी हे सांगते की असा कार्यक्रम आम्हाला का लागतो. इमारतीला देणगीदार मिळतात, त्यांच्या नावाची फरशी बसते. व्हीलचेअर मिळतात, संगणक मिळतात. लाइट बिल भरायला, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार द्यायला, बसचा टायर बदलायला कुणी देणगी देत नाही. कार्यक्रमातून आलेल्या पैशावर कुणाचं नाव नसतं, अट नसते. माझ्या मते वर्षभरातला हा सगळ्यात कामाचा पैसा. म्हणून कलाकारांना नाईट द्यायला माझी हरकत कधीच नव्हती. ज्यांनी नाईट घेतली त्यांनी तालीम करून, वेळेवर येऊन कार्यक्रम केला. फुकट येतो म्हणालेले दोनदा आयत्या वेळी दुसरी सुपारी आली म्हणून आले नाहीत, आणि आम्ही चारशे लोकांसमोर उभे. पैसे दिलेले नसले की रागावताही येत नाही.

आता आमच्या मुलांबद्दल. कृपा करून धनादेश देतानाच्या फोटोत त्यांना स्टेजवर उभं करू नका. आमच्यातल्या कितीतरी मुलांना मोठा आवाज आणि फिरते दिवे सहन होत नाहीत. कानावर हात ठेवून, डोळे मिटून उभं राहिलेलं मूल लोकांना 'बिचारं' वाटतं, पण त्याला त्या वेळी खरोखर त्रास होत असतो. आम्ही आता मुलांना रात्रीच्या कार्यक्रमाला नेतच नाही. त्याऐवजी ऑर्केस्ट्रातल्या तीन-चार जणांना दुपारी शाळेत बोलावतो. माइक नाही, स्पीकर नाही. ढोलकी, पेटी, बासरी असली तर बासरी. मुलं वाद्यांना हात लावतात. आमचा एक मुलगा, जो कुणाच्या जवळ जात नाही, तो ढोलकीच्या खोडाला गाल लावून बसला होता. वादकानं हात थांबवला नाही, अगदी हळू ठेका धरून वीस मिनिटं वाजवत राहिला. त्या वादकाला मी आजही कार्यक्रमाला आधी फोन करते.

---

मांडववाला_सांगली

माझा धंदा मंडप, खुर्च्या आणि साउंडचा. करमणुकीचाच म्हणा, आमच्याशिवाय कुणाचा कार्यक्रम होतो? मुलींच्या एका वसतिगृहाला मी दहा वर्षं त्यांच्या कार्यक्रमाला खुर्च्या आणि सतरंज्या भाड्याशिवाय देत होतो. पोरांची मजुरी मात्र मी देत आलो, त्यांच्याकडून कापली नाही. पेटीमास्तरांचं म्हणणं मला पटतं.

ऑगस्ट २०१९ चा पूर सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्या वर गेलं होतं. माझं गोदाम सखल भागात. सतरंज्या, कनाती, पडदे, अ‍ॅम्प्लिफायर, सगळं आठवडाभर पाण्याखाली. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर गुडघाभर चिखल. गणपती पंधरवड्यावर. मी पायरीवर बसून होतो.

तिसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या बाईंचा निरोप आला, गोदाम कुठं ते सांगा. सकाळी त्यांच्या तीस-पस्तीस मुली आल्या, त्यातल्या काही शिकून बाहेर पडलेल्या, नोकरीला लागलेल्या. चार दिवस त्यांनी सतरंज्या धुतल्या. वसतिगृहाच्या गच्चीवर, कठड्यांवर, मैदानात वाळत घातल्या. दिवस पावसाळी, म्हणून व्हरांड्यात दोऱ्या बांधून रात्रभर पंखे लावले. मशिनरी गेली ती गेलीच, पण कापड वाचलं आणि त्या वर्षी मी चार मंडळांचे मांडव घातले. खुर्च्या देताना कधी मनात आलं नव्हतं की हे परत येईल. हिशेब म्हणून लिहीत नाही. लिहावंसं वाटलं म्हणून लिहिलं.

---

पेटीमास्तर

मांडववाला, वाचून गप्प बसलो थोडा वेळ.

२०२० च्या मार्चनंतर आमचंही असंच झालं. चैत्राच्या जत्रा गेल्या, लग्नं पन्नास माणसांत, गणपती साधेपणानं. मी भाजीची गाडी लावली, आमची एक गायिका मास्क शिवत होती. तेव्हा एका वृद्धाश्रमानं, जिथं आम्ही दर दिवाळीला गायला जायचो, आम्हा बारा घरांत किराणा पोहोचवला. आजी-आजोबांनी आपल्या खर्चातून काढला होता. पिशवीत तूरडाळ, तेल, आणि वर एका आजीनं हातानं लिहिलेली चिठ्ठी, की दिवाळीला याच, नाट्यगीत म्हणायचंय.

---

वजाबाकी_सीए

सल्ल्याचे मुद्दे लिहितो, कारण यात चांगल्या मनाचे लोक अडकताना पाहिलेत.

तिकीट म्हणजे देणगी नव्हे. 'देणगी प्रवेशिका' छापलं तरी समोरच्याला कार्यक्रम पाहायला मिळतो, त्यामुळे त्या रकमेवर देणगीची आयकर सवलत (८०जी म्हणतात ती) मागता येत नाही. ज्याला सवलत हवी त्याची देणगी वेगळी घ्या, पावती वेगळी द्या, आणि वर्ष संपल्यावर संस्थेनं देणगीचं प्रमाणपत्र द्यावं. दोन हजारांवरची देणगी रोख दिली तरी सवलत नाही. आणि ज्यानं नवी करप्रणाली घेतली आहे त्याला ८०जी मिळतच नाही, हे देणगीदाराला आधीच सांगा.

सुरावट, हे तुमच्यासाठी. तुम्ही एकोणतीस हजार 'सोडता', ते कागदावर कुठंच दिसत नाही. सेवा किंवा वस्तू फुकट दिली तर ८०जी लागू होत नाही, पैसेच द्यावे लागतात. त्यापेक्षा साठ हजारांचं पूर्ण बिल करा, संस्थेनं ते बँकेतून चुकतं करावं, आणि तुम्ही एकोणतीस हजारांचा चेक देणगी म्हणून द्या. ते साठ हजार तुमचं उत्पन्न म्हणून मोजले जातील, तेव्हा दोन्ही बाजू मांडून बघा. कराचा फायदा दुय्यम आहे. संस्थेच्या जमाखर्चात तुमची देणगी दिसते आणि कलाकारांची नाईट खर्च म्हणून दिसते, कुणाचं काय गेलं ते स्पष्ट राहतं. तुमच्या ढोलकीवादकाच्या प्रश्नाचं हे हिशेबातलं उत्तर आहे.

प्रवेशिका माणशी पाचशे रुपयांपर्यंत असेल तर संगीत, नाटकाच्या प्रवेशावर जीएसटी नाही. म्हणून दर पाचशेच्या आत ठेवा. आणि मदतीसाठी पैसे गोळा करणारं मंडळ नोंदणीकृत न्यास नसेल तर धर्मादाय आयुक्तांकडे कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते, नंतर हिशेबही द्यावा लागतो. गणेश मंडळांना हे माहीत असतं, 'मित्रमंडळाच्या वतीनं रुग्णाला मदत' म्हणणाऱ्यांना बहुतेक वेळा नसतं.

अजून एक. मदतीचा कार्यक्रम आहे म्हणून गाण्यांच्या हक्काचं शुल्क माफ होतं असा समज आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधली सूट हौशी मंडळाला आहे, तीही प्रेक्षकांकडून पैसे घेतले नाहीत तर, किंवा कार्यक्रम धार्मिक संस्थेच्या लाभासाठी असेल तर. नाईट घेणारा ऑर्केस्ट्रा हौशी नव्हे. परवाना काढा, खर्चात धरा.

---

रोखठोक_तासगाव

सीए साहेबांच्या हिशेबानं माझं मत थोडं हललं. तरी विचारतो. साठ हजार जाऊन संस्थेला उरतं काय? तेवढीच वर्गणी काढली तर?

---

सुरावट_मिरज

रास्त प्रश्न. मागच्या कार्यक्रमाचा हिशेब संस्थेच्या परवानगीनं देतो. (नाइटी मी नंतर दिल्या, पण इथं जशा असायला हव्या होत्या तशा धरतो.) सभागृह सहाशे आसनांचं. दोनशे रुपयांच्या प्रवेशिका ४१० विकल्या, ८२ हजार. स्मरणिकेच्या जाहिराती ६३ हजार. एकूण एक लाख पंचेचाळीस हजार. खर्च: नाइटी साडेसव्वीस हजार, डिझेल-हमाली साडेचार, सभागृह १४, छपाई १७, परवाने ६, चहा-जेवण ५. झाले ७३ हजार. शिल्लक ७२ हजार.

खरा आधार स्मरणिकेचा आहे, हे लोकांच्या लक्षात येत नाही. कापड दुकान, सोनार, पतसंस्था, दवाखाना, सगळे पाव पान, अर्धं पान घेतात. आणि खरा तोटा सन्मानिकांचा, म्हणजे फुकट पासांचा. आम्ही दीडशे वाटल्या. पुढच्या तीन रांगा त्यांच्यासाठी राखल्या, त्यातली निम्मी माणसं आली नाहीत आणि प्रवेशिका विकत घेतलेले लोक मागं बसले. यंदा सन्मानिका वीसच.

---

आनंदी_आत्या

वर्गणीबद्दल: वर्गणी मागायला गेलं की लोक दारातून देतात आणि दार लावतात. प्रवेशिका विकायला गेलं की विचारतात, कसला कार्यक्रम, कुठली शाळा, किती मुलं. आमच्याकडे आज शनिवारी शिकवायला येणाऱ्या दोघी जणी आधी प्रवेशिका घेणाऱ्या होत्या. मात्र शिक्षकांवर प्रवेशिका खपवायची सक्ती करू नये. एका वर्षी आम्ही ती चूक केली. एका शिक्षिकेनं न खपलेल्या वीस प्रवेशिकांचे पैसे पगारातून भरले आणि आम्हाला कळू दिलं नाही. तीही नाईट कापल्यासारखीच गोष्ट झाली.

---

निवृत्त_गुरुजी

सांगलीचा माणूस म्हणून जुन्याची आठवण काढतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये याच गावात नाटक उभं केलं, नाटककार खाडिलकरांचा जन्म याच गावचा. त्यांच्या 'मानापमान' या संगीत नाटकाचा संयुक्त प्रयोग जुलै १९२१ मध्ये मुंबईत झाला, टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. दोन चढाओढीच्या नाटक कंपन्या, गंधर्व आणि ललितकलादर्श, एका रात्रीसाठी एका रंगमंचावर आल्या.

नंतरच्या काळात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि नामवंत नटमंडळींनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग महाराष्ट्रभर केले, त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला आणि पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागलं. नाव पाहा, 'कृतज्ञता'. जो समाजासाठी राबतो त्याचं घर चाललं पाहिजे, हा त्या निधीमागचा विचार. मग त्या निधीचं कौतुक करणाऱ्या आपण, मदतीच्याच कार्यक्रमात वाजवणाऱ्याच्या घराचा विचार करू नये, हे मला विसंगत वाटतं. मोठ्या नटांची चूल एका प्रयोगाच्या नाईटवर अडत नव्हती. ढोलकीवादकाची अडते.

---

थेम्सकाठ

इंग्लंडमधून लिहितेय. आमच्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात तिकिटाचे आणि देणगीचे पैसे अगदी वेगळे ठेवतो, कारण इथंही देणगीवर संस्थेला सरकारकडून पौंडामागे पंचवीस पेन्स मिळतात, तिकिटावर नाहीत. तबल्याला जो मुलगा येतो तो एका दुकानात काम करतो. त्याला आम्ही मानधनाचं पाकीट कार्यक्रमाआधी देतो, नंतर नाही. नंतर दिलं की घाईत राहून जातं, आणि त्याला मागायचा संकोच वाटतो. सुरावट, तुम्हीही आधी देऊन पाहा.

---

सुरावट_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तालमीला बारा जणांना एकत्र बसवून हा धागा वाचून दाखवला. यंदाच्या अकरा पत्रांपैकी चार कार्यक्रम घ्यायचे ठरले, आणि ते मी नाही, सगळ्यांनी मिळून निवडले. आमच्या एका गायिकेनं सुचवलं की विशेष मुलांच्या शाळेत दुपारी माइकशिवाय जायचं, त्याची नाईट कुणीच घ्यायची नाही. सगळे हो म्हणाले. ढोलकीवादक सगळ्यात आधी म्हणाला.

संस्थेशी करायचा कागद असा लिहिलाय:

'कार्यक्रमाची सुपारी साठ हजार रुपये, बँकेतून. पैकी एकोणतीस हजार रुपये मालकाची देणगी, चेकने. कलाकारांच्या नाइटी कार्यक्रमाआधी पाकिटात. सन्मानिका वीसपेक्षा जास्त नाहीत. विद्यार्थ्यांना किंवा आश्रमातल्या कुणाला त्यांच्या इच्छेशिवाय स्टेजवर बोलावू नये. सत्कार झाला तर पूर्ण संचाचा, एकट्या मालकाचा नाही. आवाज रात्री दहाला बंद. जमा-खर्च आठ दिवसांत संस्थेच्या फलकावर, प्रत ऑर्केस्ट्राला.'

काही राहिलं असेल तर सांगा, रविवारी छापायला देतोय.

---

मांडववाला_सांगली

हमालांचं जेवण लिहा. ते सगळ्यात शेवटी मोकळे होतात, तोवर पातेली रिकामी झालेली असतात.

---

सुरावट_मिरज

लिहिलं. 'हमाल आणि टेम्पोचालक यांची ताटं आधी बाजूला काढून ठेवावीत.'